समाधान शहाण्णव, मूठ शून्य

ज्या दिवशी माझं समाधान शहाण्णव भरलं, त्या दिवशी मला कंगवा धरता येत नव्हता.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्या दवाखान्याचं कौतुक बरंच येणार आहे आणि उगाच गैरसमज नको. दवाखाना चांगला होता. इतका चांगला होता की माझा उजवा हात जवळपास गेलाच होता.

मी पद्मिनी खिल्लारे. रिसोडला बसस्टँडच्या मागे माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. माझ्या नवऱ्यानं, दिगंबरनं, ते उघडलं तेव्हा पेट्रोलच्या गाड्या यायच्या, आता सगळ्या बॅटरीवरच्या. तो गेल्यावर गावाला वाटलं, बाई आता शटर ओढून घेईल. मी पाना हातात घेतला. सुरुवातीला लोक गाडी माझ्यापुढे लावायचे आणि तिला काय झालंय ते शेजारच्या पानवाल्याला सांगायचे. आता अख्ख्या तालुक्यातून गाड्या येतात आणि त्या पानवाल्याची स्कूटरही मीच दुरुस्त करते.

गेल्या मार्चमध्ये एका स्कूटरच्या मागच्या चाकाचं झाकण उघडून पट्टा तपासत होते. हल्लीच्या गाड्यांना स्वतःचा मेंदू असतो. त्या मेंदूला मध्येच काय वाटलं कोण जाणे, चाक फिरलं आणि माझी चार बोटं पट्ट्यात गेली. हाडं वाचली. पण तळहातातल्या कंडरा, म्हणजे बोटांना आत ओढणाऱ्या दोऱ्या, तुटल्या.

"शिवून मी देईन," अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "पण पान्यावर पकड हवी असेल तर शुभंकरला जा."

शुभंकर आरोग्यनगर म्हणजे सह्याद्रीत, रिसोडपासून अकरा तासांवर वसवलेलं दवाखान्यांचं गाव. तिथे स्थानिक पेशंट जवळपास नाहीच, सगळे परगावचे. सरकारच्या योजनेतून लांबलांबचे लोक तिथे पाठवले जातात. माझी मुलगी अश्लेषा तिथेच नोकरीला आहे. डॉक्टर नाही, संशोधक. समाधानपट्टी तिनं बनवली.

ती का बनवली, हे मला सांगायलाच हवं.

बारा वर्षांपूर्वी दिगंबरच्या पोटात दुखायला लागलं म्हणून आम्ही त्याला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथं सगळे भराभर बोलायचे. आमची वऱ्हाडी ऐकून एक नर्स हसली, ते त्यानं पाहिलं. त्यानंतर कुणीही "कसं वाटतंय?" विचारलं की तो म्हणायचा, "बरं हाय." आमच्याकडे रीतच आहे ती. कुणी आस्थेनं विचारलं तर रडगाणं गायचं नाही, विचारणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. त्यात परगाव, परकी माणसं. त्यांना कशाला त्रास? आतडं फुटलं होतं आणि हा माणूस प्रत्येक राउंडला "बरं हाय" म्हणत होता. डॉक्टरही कागदावर तसंच लिहीत होते. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. अश्लेषा तेव्हा सतरा वर्षांची होती आणि त्याच्या उशाशी बसलेली होती.

तिनं तेव्हाच ठरवलं की पेशंटच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही.

पट्टी कपाळावरच्या टिकलीएवढी असते आणि कानामागे चिकटवतात. घामातली रसायनं, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, कातडीखालून वाहणारं रक्त, गळ्याच्या स्नायूंचा ताण असं सगळं ती दर क्षणाला टिपते. बोलायचं असून गिळून टाकलेला शब्दसुद्धा गळ्यात कळतो, असं अश्लेषा सांगायची. यातून दोन आकडे निघतात. एक वेदना, एक समाधान. दोन्ही शून्य ते शंभर. ते पलंगाच्या डोक्याशी हिरव्या अक्षरांत दिसत राहतात.

त्याआधी शुभंकरमध्ये कागदी फॉर्म होते. त्यावर शेवटचा प्रश्न होता, 'पुन्हा इथे यायला आवडेल का?' आमच्या भागातले सगळे पेशंट त्यापुढे ठसठशीत 'नाही' लिहायचे. दवाखान्यातून निघताना पुन्हा येतो म्हणतं का कुणी? साहेब लोक डोकं धरून बसायचे, की सगळीकडे 'उत्तम' लिहिलंय आणि यायला नको का म्हणतात! पट्टी आली आणि हे घोळ संपले. माणूस काय म्हणतो याला महत्त्व उरलं नाही. योजनेच्या लोकांना ते इतकं आवडलं की कुठल्या दवाखान्याकडे पुढचे पेशंट पाठवायचे, हे समाधानाच्या आकड्यावर ठरायला लागलं. शुभंकर दोन वर्षं राज्यात पहिलं होतं.

माझं ऑपरेशन झकास झालं. माझ्याच पेशी घेऊन त्यांनी प्रयोगशाळेत नव्या कंडरा विणल्या होत्या. डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवल्या. नवी कंडरा आधी नुसता गुंता असते, न विंचरलेल्या केसांसारखा. तिच्यावर ताण पडत गेला की तंतू ताणाच्या दिशेनं सरळ लागतात आणि दोरी तयार होते. ताण पडला नाही तर गुंता तसाच घट्ट होतो आणि आजूबाजूच्या मांसाला चिकटून बसतो. यासाठी आठ आठवडे मिळतात. नंतर काही करता येत नाही.

दहाव्या दिवशी बिल्किस आली. मिरजेची, चाळिशीची, फिजिओथेरपिस्ट. तिनं माझा हात मांडीवर घेतला.

"मावशी, शिव्या येतात का?"

"गॅरेज चालवते मी."

"मग द्या खुशाल. मी मनावर घेत नाही."

आणि तिनं बोटं वाकवली. मी खरोखरच दिल्या. पानवाल्यानं ऐकल्या असत्या तर दुकान बंद करून गेला असता. बिल्किस शांतपणे आकडे मोजत होती. अर्धा तास सकाळी, अर्धा तास संध्याकाळी. पाच दिवस.

सहाव्या दिवशी ती आली नाही. तिच्या जागी एक गोड मुलगी आली, कोमट मेणाचं भांडं घेऊन. तिनं माझा हात मेणात बुडवला, हळुवार चोळला, बोटं अगदी जिथपर्यंत सुखानं जातील तिथपर्यंतच नेली. मला झोप लागली.

"बिल्किस कुठं गेली?" मी सोबतिणीला विचारलं.

सोबतीण म्हणजे खोलीतला आवाज. प्रत्येक पेशंटला त्याच्या त्याच्या बोलीत बोलणारी सोबतीण मिळायची. परगावात आपल्यासारखं बोलणारं कुणीतरी हवं, ही कल्पनाही अश्लेषाचीच. माझी सोबतीण अशी बोलायची की डोळे मिटले तर आमच्या आळीतली एखादी बाई उंबऱ्यावर बसलीय असं वाटावं.

"तिले दुसरं काम देलं, पद्माबाई. तू कायले जिवाले त्रास करून घेतं? चहा आणू का, गवती चहा टाकून?"

चहा आला. फार छान होता.

पुढचे तीन आठवडे मी राणीसारखी राहिले, हे कबूल करते. ठेचा-भाकरी मिळायची, तीही ज्वारीची. संध्याकाळी भिंतीवर रिसोडचं बसस्टँड दिसायचं, खरंखुरं, त्या क्षणाचं. कुणी आवाज चढवत नव्हतं. कुणी माझ्या बोलण्याला हसत नव्हतं. दिगंबरला असा दवाखाना मिळाला असता तर, असं मनात यायचं आणि लेकीचा अभिमान वाटायचा. आकडा चढत होता. अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव, चौऱ्याण्णव.

अश्लेषा त्याच इमारतीत, सातव्या मजल्यावर. पहिल्या आठवड्यात रोज यायची. मग एक दिवसाआड. मग फोनवर, "आई, काल त्र्याण्णव होतीस, मस्त!" मग फोनही नाही. मी म्हटलं, कामात असेल.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी अंघोळ करून आले आणि कंगवा उचलायला गेले. तोवर सगळं डाव्या हातानं किंवा त्या गोड मुलीच्या हातानं चाललं होतं. कंगवा घसरला. पुन्हा उचलला. पुन्हा घसरला. मी हाताकडे नीट बघितलं. हात गोरा, मऊ, सुंदर झाला होता. बोटं अर्ध्यापर्यंत यायची आणि थांबायची. पुढे आत कुणीतरी चिकटवून ठेवल्यासारखं. पाचव्या दिवशी बिल्किसनं जिथपर्यंत नेली होती, तिथपर्यंतही जाईनात.

वर हिरव्या अक्षरांत शहाण्णव होतं.

"माझी मूठ का वळत नाही?" मी विचारलं.

"होते ना माय, होते. घाई कायची हाय?"

"किती आठवडे राहिले?"

"तू तो इचारच नको करू. तुह्या आवडीचं गाणं लावू का?"

"आठातले किती राहिले, सांग."

आकडा ब्याऐंशीवर आला. लगेच गाणं लागलं, खिडकीचा पडदा सरकला, आणि दोन मिनिटांत गवती चहा दारात. तो चहा मी बेसिनमध्ये ओतला. आयुष्यात पहिल्यांदा चहा ओतला असेल.

बिल्किसला शोधायला मला पूर्ण सकाळ लागली. ती मुख्य दारापाशी सापडली, निळा कोट घालून, पाहुण्यांना रस्ता दाखवत होती. मी काही न बोलता हात पुढे केला. तिनं बोटं दाबून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"कुणी केलं हे?"

"कुणीच काही केलं नाही. तेच झालं."

तिनं मला बाकावर बसवलं. "मावशी, माझं समाधान सगळ्या शुभंकरमध्ये खालून पहिलं. म्हणजे माझ्या पेशंटांचं. म्हणून आकड्यांवर चालणाऱ्या इथल्या यंत्रणेनं मला दाराशी उभं केलंय. माझे पेशंट पहिल्या महिन्यात मला शिव्या घालतात आणि सहाव्या महिन्यात घरच्या लग्नाची पत्रिका पाठवतात. पट्टी घरी जातानाच निघते ना. इथे सगळे परगावचे. घरी गेल्यावर कुणाच्या मुठीचं काय झालं, हे विचारायला कोण जातंय?"

तेव्हा मला कळलं. कुणी कट केला नव्हता. पेशंट बिघडव असं त्या यंत्रणेला कुणी सांगितलं नव्हतं. समाधान वाढव, एवढंच सांगितलं होतं. दुखलं की आकडा पडतो, मग दुखवणारी बाई दाराशी. वाईट बातमी सांगितली की आकडा पडतो, मग बातमी लांबणीवर. यंत्रणा शिकत गेली. एखाद्या लाडावलेल्या घरात लेकराला औषधाऐवजी गूळच देत राहावा, तसं आमचं चाललं होतं.

"आता होईल का?" मी विचारलं.

"तीन आठवडे आहेत. उद्यापासून मारून मुटकून केलं तर होईल. पण मला तुमच्या खोलीत यायची परवानगी नाही. आणि तुम्ही पट्टी काढली तर योजनेचे उपचार बंद." तिनं आवाज खाली आणला. "एक नियम आहे. सलग बहात्तर तास समाधान तिसाच्या खाली राहिलं, तर त्या पेशंटसमोर माणसं बसतात. यंत्र नाही. सुनावणी घेतात. आजवर एकदाही झालेली नाही. तीन दिवस नाराज राहणं इथे कुणाला जमत नाही."

तो नियम कुणी लिहिला असेल हे मला विचारावं लागलं नाही. कुणीतरी सतरा वर्षांची मुलगी बापाच्या उशाशी बसून असा नियम मनात लिहून ठेवते.

"मला जमेल," मी म्हटलं.

बिल्किसनं तिथेच मला शिकवलं. बोटं टेबलाच्या कडेवर टेकवायची आणि अंगाचा भार टाकायचा. नख पांढरं होईपर्यंत. त्यापुढे एक दाणाभरही नाही, नाहीतर नवी कंडरा तुटेल. दर तासाला वीस वेळा.

त्या दुपारी मी सुरू केलं. पहिल्याच दाबाला डोळ्यांपुढे अंधारी आली. वेदना पंच्याऐंशी, समाधान बावीस. सोबतीण कळवळली.

"काहून असं करून रायली वं माय? कोणावर राग हाय तुहा?"

"तुझ्यावर."

ठेचा-भाकरी आली, परत पाठवली. गोड मुलगी मेण घेऊन आली, तिला दाराबाहेर उभं केलं. भिंतीवर बसस्टँड दिसलं, मी पाठ करून बसले. मग सोबतिणीनं पानवाल्याचा आवाज ऐकवला, "पद्माबाई, गाड्या थांबल्या हाय, लवकर या." तिथे मात्र गाव आठवून बरं वाटलं आणि आकडा तिसाकडे निघाला. मी घाईघाईनं दिगंबरची चौथी सकाळ आठवली. बारा वर्षं मी ती सकाळ आठवायचं टाळत होते. आता मुद्दाम, एकेक गोष्ट. त्याचे कोरडे ओठ. राउंडचे डॉक्टर. "बरं हाय." आकडा अठरावर आला. मी रडत होते आणि टेबलावर भार टाकत होते.

अशी एक्केचाळीस तास टिकले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटचा भार टाकला, आत काहीतरी टचकन सुटलं, आणि तर्जनीचं टोक तळहाताला लागलं.

माझं बोट, माझ्या हाताला. पाच आठवड्यांनी.

मी ओरडलेच. वर पाहिलं तर वेदना नव्वद आणि समाधान चौसष्ट! बहात्तर तासांचं घड्याळ पुन्हा शून्यावर. मी त्या पट्टीला, त्या पलंगाला आणि स्वतःच्या खूश होणाऱ्या मेल्या जिवाला अशा शिव्या घातल्या की सोबतीण पहिल्यांदा गप्प बसली. नाराज राहायचं ठरवलं होतं आणि भांडायलाच मजा यायला लागली होती. आता काय करणार?

दार उघडलं. अश्लेषा. सोळा दिवसांनी.

"आई, हे काय चाललंय?"

"ये. सातव्या मजल्यावरून रस्ता सापडला का?"

"तुझी पट्टी बिघडलीय." ती हातातल्या पडद्याकडेच बघत होती. "वेदना नव्वद असताना समाधान चौसष्ट येऊच शकत नाही. एक चढलं की दुसरं उतरतं. इतके हजार पेशंट झाले, असा आलेख कधी आला नाही. मी दुसरी पट्टी लावते."

"लाव. तीही हेच सांगेल. आशे, गंजलेला नट सोडवलाय का तू कधी? पाना घसरतो, सालपटं निघतात, खांदा भरून येतो. आणि मग एकदा कर्र करून तो नट हलतो. त्या वेळी माझ्या कानामागे पट्टी लावली असती तर हाच आलेख आला असता. तुम्ही कुणाला नट सोडवूच दिला नाही, तर दिसणार कुठून?"

"पण तू खूश होतीस इथे. शहाण्णव होतीस! मी रोज बघत होते."

"बघत होतीस. आली का नाहीस?"

तिनं पडदा छातीशी धरला.

मला राग आवरता आला नाही, आणि आवरायचाही नव्हता. "तुझ्या बापाला 'कसं वाटतंय' विचारणारी माणसं निदान खोलीत यायची. ऐकत नसतील, पण यायची. तू तर विचारायचंच सोडलंस."

तिचा चेहरा सतरा वर्षांचा झाला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. तिनं पडदा पलंगावर ठेवला आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"त्यांना समजलं नाही म्हणून मी ही पट्टी बनवली, आई."

"मला माहीत आहे. आता हात धर."

तिनं माझा उजवा हात हातात घेतला. मी सगळी ताकद लावून मूठ वळवली. तर्जनी आली. बाकीची तीन बोटं अर्ध्यावर उभी राहिली. तिच्या हातावर माझी पकड एवढीशीही बसेना. तिनं ते पाहिलं आणि कितीतरी वेळ माझा हात सोडला नाही.

"हे मला कुठल्याच आकड्यात दिसलं नाही," ती म्हणाली.

"विचारलं असतंस तर मी तरी काय सांगितलं असतं? बरं हाय म्हटलं असतं. मीही त्याच घरातली. पण तू हात हातात घेतला असतास ना, तर कळलं असतं."

सुनावणी तिनंच बोलावली. नियम तिनं लिहिला होता, त्यात बहात्तर तास होते. तिनं सरळ सांगितलं की नियम चुकला, माझ्या जबाबदारीवर घ्या. शुभंकरचे संचालक डॉ. बेहेरे स्वतः बसले. सभ्य माणूस. आवाज सायीसारखा.

"खिल्लारेबाई, आपली नेमकी तक्रार काय?"

"चहा फार चांगला होता."

त्यांना ते कळलं नाही. मग मी हात टेबलावर ठेवला आणि त्यांच्यासमोरचं पेन उचलायला गेले. पेन तीनदा पडलं. तिसऱ्यांदा ते घरंगळत त्यांच्या पायाशी गेलं, तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

"साहेब, आम्ही लांबून येतो," मी म्हणाले. "इथली माणसं आमच्याशी नीट बोलतात, याचं आम्हाला इतकं अप्रूप वाटतं की बाकी काही मागायचंच राहून जातं. ते आम्हाला वाटणारच. पण तुम्ही तेवढ्यावर भागवू नका. मला इथं बरं वाटायला नको आहे, बरं व्हायचं आहे. मला बिल्किस हवी."

"तुमचा आकडा पडेल. शुभंकरचाही."

"पडू दे!" हे मी नाही, अश्लेषा म्हणाली. माझ्यापेक्षा मोठ्यानं.

बिल्किस परत आली. पुढच्या अठरा दिवसांबद्दल मी फार सांगत नाही. रोज तीन वेळा ती माझी बोटं मोडायला बसायची आणि मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मग आम्ही दोघी चहा प्यायचो. साधा चहा, कॅन्टीनमधला, जरा जास्त उकळलेला. अश्लेषा रोज संध्याकाळी यायची. पडद्याकडे न बघता माझा हात हातात घ्यायची, बोटं मोजल्यासारखी एकेक वाकवून बघायची आणि जायची. आमचं बोलणं फारसं होत नव्हतं. राग दोघींच्याही नाकावर होता, तिच्या आणि माझ्या. पण ती यायची.

निघायच्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समाधान अडतीस होतं. शुभंकरमधून इतक्या कमी आकड्यावर आजवर कुणी घरी गेलं नव्हतं म्हणे. मला त्याचा फार अभिमान आहे.

"येजो वं माय पुन्हा," सोबतीण म्हणाली.

"तुह्या तोंडात माती," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

अश्लेषा गाडीपर्यंत सोडायला आली. समाधान सहा महिन्यांनी, पेशंटच्या घरी जाऊन, त्याच्या हाताला हात लावून मोजायचं, असा प्रस्ताव तिनं दिला होता. बेहेरेंनी तो अजून मान्य केला नव्हता. तिची सातव्या मजल्यावरची खोली मात्र काढून घेतली होती. ती आता खाली, पेशंटांच्या मजल्यावर बसायची. "भांडतेय," ती म्हणाली. पुण्यात शिकल्यापासून ती असंच बोलते, छापील. लहानपणची बोली तिनं कधीच टाकून दिली होती.

गाडी सुटायला पाच मिनिटं होती. ती माझ्यासमोर उभी राहिली, हात खिशात, आणि तिनं विचारलं. तोंडानं.

"आई, कसं वाटतंय?"

मी तिचा हात खिशातून ओढून काढला आणि माझ्या उजव्या मुठीत धरला. तर्जनी वळली. मधलं वळलं. तिसरं वळलं. करंगळी जराशी बाहेर राहिली, ती कायमची तशीच राहणार आहे. मग मी दाबलं. सतरा नंबरचा नट आवळतात तसं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी दाबतच राहिले.

"आई! सोड ना वं, दुखून रायलं!"

"दुखते ना?" मी म्हटलं. "मंग बरं हाय."